डोणीवरची हरणं

माझं माहेर कृष्णाकाठचं, पलूसच्या बाजूचं. पाण्याची किंमत लग्न होईपर्यंत मला कळली नाही, कारण ते सदा डोळ्यांसमोर होतं. उसाच्या सरीत पाणी, पाटात पाणी, पावसाळ्यात तर नदी उंबऱ्यापर्यंत यायची. अशा घरातली मुलगी वडिलांनी पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखात दिली. का, तर मुलगा पलटणीत होता, माणसं सरळ होती आणि सासूचा जाच नव्हता, कारण सासूच नव्हती. सांगलीचा वेगळा जिल्हा तेव्हा व्हायचा होता. सगळा भाग साताऱ्यात मोडायचा आणि मधेमधे संस्थानांचे तुकडे होते. माझं सासर असल्याच एका तुकड्यात. बैलगाडीतून उतरले आणि चहूकडे पाहिलं, तर पिवळं कुसळ आणि काळा खडक. सावलीला म्हणून एक हिवराचं झाड. वडिलांनी मुलगी दिली की टाकली, असं मनात आलं आणि मी ते नवऱ्याला त्याच दिवशी ऐकवलंही. तो हसला. पुढे रजा संपली आणि तो लढाईवर निघून गेला.

घर गावात नव्हतं. गावाबाहेर लांब, संस्थानच्या राखीव कुरणाच्या तोंडाशी होतं. सासरे त्या कुरणाचे राखणदार. कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला, हातात काठी. कुरण म्हणजे नजर पोचेल तिथवर माळ. तिथं कुणी गुरं घालायची नाहीत, फाटी तोडायची नाही, नांगर लावायचा नाही. कारण ते संस्थानिकांच्या शिकारीचं रान होतं. काळविटांचा मोठा कळप होता, लांडगे होते, खोकडं होती, आणि माणसाच्या कमरेइतका उंच माळढोक गवतातून मान वर काढून असा चालायचा की जणू कुरण त्याच्याच नावावर आहे. सगळी त्या रानाला कुरणच म्हणत. मी मात्र त्याला वैराण म्हणायचे, आणि सासरे ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

घरापुढे विहीर होती. खोल इतकी की पोहरा सोडला की दोर संपता संपत नसे. विहिरीलगत जनावरांना पाणी पाजायची दगडाची लांबच लांब डोण. शिमगा झाला की माळावरची डबकी आटायची, आणि तेव्हापासून पाऊस येईपर्यंत ती डोण रोज भरायची असा संस्थानचा रिवाज होता. आधी सासरे भरायचे. मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं, कारण त्यांचा उजवा खांदा निखळून बसलेला होता आणि हात वर जात नव्हता. रहाटाचा दोर ओढून ओढून माझ्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, त्यावर घट्टे पडले. आणि हे सगळं कुणासाठी, तर हरणांसाठी. घरात माणसं दोन, आणि पाणी ओढायचं कळपाला पुरेल एवढं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दिवस उतरला की सासरे रिकामा पोहरा डोणीच्या काठावर आपटायचे. लोखंडाचा पोहरा आणि दगडाची डोण, टणटण असा आवाज माळभर जायचा. थोड्या वेळानं कुसळाच्या वर कान दिसू लागत, मग पाठी. पुढे माद्या आणि पाडसं, मागून काळे नर, पिळदार शिंगांचे. दबकत नाहीत, घाबरत नाहीत, घरची गुरं यावीत तशी यायची. डोणीला तोंडं लावायची आणि पाणी पिण्याचा बारीक आवाज दारापर्यंत ऐकू यायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात एकदा माझा संताप अनावर झाला. माझी नुकतीच भरलेली घागर एका काळविटानं शिंगानं लवंडली. मी ढेकूळ उचललं आणि मारलं. माझा नेम चांगला होता. माहेरी जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभी राहून मी गोफण चालवायचे, पाखरं हाकायचे. ढेकूळ बरोबर त्याच्या फऱ्यावर बसलं. कळप एकदम उधळला. सासरे आतून धावत आले. ते मला तोवर कधी वेडंवाकडं बोलले नव्हते.

"हात लावलास?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पान्याला आल्याल्या जिवाला हात लावलास?"

"आवं मामंजी, घागर सांडली माझी."

"घागर पुन्ना भरती. ह्यो धाक एकदा बसला का निघत न्हाई. माळावर काय बी कर त्येंचं, हितं न्हाई. हितं वाघ आला तरी त्यो पानीच पिऊन जाईल."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही हट्टानं जेवले नाही. दुसऱ्या दिवशी कळप आलाच नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सासरे पोहरा वाजवायचे आणि कमरेवर हात ठेवून माळाकडे बघत राहायचे. मग एका संध्याकाळी लांबवर कान दिसले. तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास मला चुलीपाशी ऐकू आला.

हळूहळू मला तो रिवाज कळत गेला. तो एकट्या सासऱ्यांचा नव्हता, त्या सगळ्या मुलखाचा होता. एका उन्हाळ्यात गावची विहीर आटली आणि लोक आमच्या विहिरीवर येऊ लागले. गावात दोन चुलतभाऊ होते, बांधावरून त्यांची डोकी फुटलेली, कोर्टात दावा चालू. दोघं एकाच वेळी विहिरीवर आले. मी मनात म्हटलं, आता इथं रक्त सांडणार. तर एकानं पोहरा ओढला आणि पहिल्यांदा दुसऱ्याच्या घागरीत ओतला. एकमेकांकडे बघितलंही नाही. घागरी उचलल्या आणि दोघं दोन वाटांनी गेले. आमची शेळी नेलेला लांडगासुद्धा भर उन्हात डोणीवर येऊन पाणी प्यायला, आणि सासरे काठी मांडीवर आडवी ठेवून त्याच्याकडे बघत बसले. फिरस्ते पारधी यायचे, तेही विहिरीच्या आसपास फास मांडत नसत. त्या भागात पाणी इतकं थोडं होतं की तिथं भांडायचं म्हटलं तर कुणीच जगलं नसतं.

आणि मोठी माणसंही हा रिवाज पाळत. सासऱ्यांची एक आवडती गोष्ट होती. उन्हाळ्यात संस्थानिक शिकारीला आले होते, बरोबर परमुलखातला कुणी पाहुणा होता. संध्याकाळी डोणीवर कळप आला आणि पाहुण्यानं बंदूक वर केली. तर खुद्द सरकारांनी आपल्या हातानं तिची नळी खाली दाबली. "पाण्यावर बार नाही," एवढंच म्हणाले. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की सासऱ्यांनी 'एकदा काय झालं' म्हटलं की मी पुढचं सांगून टाकायचे. मला त्यात थोडी चेष्टाही वाटायची. ज्या काळविटाला सकाळी मैलभर पलीकडे गोळी घालायची, त्याला संध्याकाळी पाण्यावर सोडायचं, हा कुठला न्याय? पण न्याय असो नसो, नियम होता, आणि सासऱ्यांनी तो राजापासून लांडग्यापर्यंत सगळ्यांना पाळताना पाहिला होता. जगात तो न पाळणारं कुणी असेल हे त्यांच्या कधी मनातच आलं नाही.

लढाईची वर्षं मी त्या माळावर अशीच काढली. मूलबाळ नाही, शेजार नाही. सासरे कुरणात फिरायला गेले की दिवसभर आवाज फक्त वाऱ्याचा. कळपात एक मादी होती, तिचा एक कान फाटलेला. कुत्र्यानं लहानपणी ओढला असावा. ती इतरांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या शेवटी जायची. मी दोर ओढत असताना ती डोणीच्या त्या टोकाला उभी राहायची आणि मी बोलायचे. नवऱ्याच्या तक्रारी, माहेरच्या आठवणी, कधी नुसत्या शिव्या. आईनं हे ऐकलं असतं तर पोरीचं डोकं फिरलं म्हणाली असती. पण बोलायला मला दुसरं कोण होतं? तळव्यांचे घट्टे दुखायचे बंद झाले होते. डोण भरताना हात आपोआप चालायचे.

लढाई संपली आणि नवरा परत आला. गेला तो हसरा मुलगा होता, आला तो तुटक बोलणारा माणूस. तोफांनी एक कान बहिरा झाला होता. पेन्शनीवर आला, शेताच्या तुकड्यात राबू लागला. माळावर कुठं बंदूक वाजली की हातातलं काम टाकून तो आत येऊन बसायचा.

मग संस्थानं विलीन झाली. गावात गूळ वाटला गेला, शाळेवर झेंडा लागला. मीही खूश होते, खोटं कशाला सांगू. पण त्याच आठवड्यात कचेरीतून एक माणूस आला आणि सासऱ्यांचा पट्टा-बिल्ला मागून घेऊन गेला. शिकारखाना बंद झाला, कुरण आता सरकारचं, राखणदाराची जागा राहिली नाही, असं त्यानं सांगितलं. सासऱ्यांनी पट्टा सोडला, बिल्ला धोतराच्या सोग्यानं पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"मग डोन कुनी भरायची?" त्यांनी विचारलं.

त्या माणसाला प्रश्नच कळला नाही. तो निघून गेला. आणि डोण आम्हीच भरत राहिलो.

कुरण उघडं पडल्याची बातमी लपत नाही. आधी गुरं आली, मग कुऱ्हाडी. लष्कराच्या जुन्या जीपा तेव्हा बाजारात विकायला आल्या होत्या. ज्यांच्या हाती त्या लागल्या ते हौशी लोक साताऱ्याकडून, सांगलीकडून, कुठून कुठून येऊ लागले. उघड्या माळावर जीप हरणाच्या मागं लावायची, ते दमून थांबलं की गोळी घालायची. माळढोक तर पळतही नसे, मान वर करून बघत उभा राहायचा. वर्षभरात तो दिसेनासा झाला. कळप निम्म्यावर आला. पण जे उरले होते ते पोहऱ्याच्या आवाजाला अजून येत होते. माळावर मार खायचा आणि संध्याकाळी डोणीवर यायचं.

सासरे उठले आणि साताऱ्याला गेले. कधी मोटारीत न बसलेला माणूस, खांद्यावर घोंगडं टाकून गेला. कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसून बसून शेवटी एका मोठ्या साहेबांपुढे उभा राहिला. परत आले ते चेहऱ्यावर तेज घेऊन. साहेब भला माणूस होता म्हणाले, खुर्ची दिली म्हणाले. कुरण राखीव ठेवायचं की नांगराला मोकळं करायचं हे त्याच्याच हातात होतं. तिथं जनावर आता उरलेलं नाही असं त्याला कुणी सांगितलं होतं.

"म्या म्हनलं, सायेब, येऊन बगा. तुमाला कळप दावतो. सायेब म्हनला, दावलास तर राखीव ठिवायची शिफारस मी करतो." सासरे मला हे सांगत होते आणि हातातली भाकरी तशीच राहिली होती. "आता बग सूनबाई. पुन्ना राखनदार बसंल. म्या न्हाई तर दुसरा कोन तरी."

वैशाखात साहेब आला. दोन गाड्या होत्या. एकीत साहेब आणि त्याचा शिपाई, दुसरीत त्याचे दोस्त, पांढऱ्या हॅटा घातलेले. सासऱ्यांनी सकाळपासून हिवराखाली शिंपण केलं होतं, घोंगडी अंथरली होती. गाड्या थांबल्या तसे ते तांब्या-पेला घेऊन पुढे झाले आणि एकेकाला गूळ आणि पाणी दिलं. ते सगळे तहानलेले होते. सगळे प्यायले. सासरे प्रत्येकाच्या हातातला पेला परत घेताना त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता ही माणसं आपल्या पाण्याला बांधली गेली, असं त्यांना वाटत होतं, हे मला दारातून दिसत होतं.

नवरा मागच्या गाडीपाशी जाऊन आला. तो सासऱ्यांच्या कानाशी बोलला, पण बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे मला ऐकू आलं.

"आबा, कळप बोलवू नगा. गाडीत रायफली हायत. खोळा काढून ठिवल्यात."

"असू द्यात की. मोट्या मानसांकडं असत्यात."

"आबा, म्या ही मानसं बगितल्यात. ऐका माजं."

"आरं, पानी प्याल्यात ती," सासरे म्हणाले. जणू त्यात सगळं आलं.

मी डोण काठोकाठ भरली होती. सासऱ्यांनी पोहरा घेतला आणि डाव्या हातानं आपटला. टणटण आवाज माळावर गेला. हिवराखालची माणसं गप्प झाली. सासरे पुन्हा आपटत होते आणि मधेच मागं वळून साहेबाकडे बघून हसत होते, आता बघाच म्हणून. मग कान दिसले. कुणीतरी हळूच 'वा' म्हणालं. कळप आला, फाटक्या कानाची पुढे, मागे पाडसं, शेवटी नर. माणसं जास्त बघून जरा थबकला, आणि मग सासऱ्यांना बघून पुढे आला. डोणीला तोंडं लागली.

पहिली गोळी सुटली तेव्हा मला वाटलं रहाट मोडून पडला. मग एकापाठोपाठ सुटत गेल्या. इतक्या जवळून नेम चुकायचा प्रश्नच नव्हता. डोणीचं पाणी तांबडं झालं. एक पाडस तर पाण्यातच पडलं. नवरा भिंतीला पाठ लावून खाली बसला, त्यानं दोन्ही हात कानांवर घट्ट धरले होते. सासरे मधे धावले असते तर त्यांनाही लागली असती, पण ते धावले नाहीत. पोहरा हातात धरून उभे होते. त्यांना समोर काय चाललंय हे कळतच नव्हतं, असं मला अजून वाटतं.

पुढचं मला जास्त सलतं. ती माणसं दुष्ट असती तर बरं झालं असतं. ती खूश होती. साहेब स्वतः आला आणि सासऱ्यांच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "म्हातारबा, शिकारीची अशी व्यवस्था आम्ही कुठं बघितली नाही. बसल्या जागी. कमाल केलीत." त्याला मनापासून वाटत होतं की सासऱ्यांनी पाहुण्यांसाठीच कळप बोलावला. तहानलेल्या माणसाला पाणी द्यावं तशी शिकार दिली. जनावर आहे, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं, आता राखीव ठेवायला हरकत नाही, आम्ही दरवर्षी येऊ, असंही तो म्हणाला. जाताना शिपायानं एक मांडी कापून हिवराच्या फांदीला अडकवली. तो आमचा वाटा होता.

गाड्या गेल्यावर नवऱ्यानं ती मांडी काढली आणि माळावर पुरली. मी डोण रिकामी करून घासली. राखेनं घासली, विटकरीनं घासली. दगडाच्या चिरेत शिरलेलं काही निघेना. सासरे हिवराखाली बसून होते. मी पुढ्यात तांब्या ठेवला, त्यांनी पाण्याला हात लावला नाही.

"मामंजी, तुमी काय केलं न्हाई," मी म्हटलं.

"म्याच बोलवलं," ते म्हणाले.

आता ही जनावरं पुन्हा इकडं फिरकायची नाहीत, अशी मी मनाची समजूत घातली होती. ढेकूळ मारल्यावर फिरकली नव्हती, मग गोळ्यांनंतर कशाला येतील? पण तो वैशाख होता आणि माळावर दुसरं पाणी नव्हतं. दुसऱ्याच दिवशी, पोहरा न वाजवता, ऊन उतरायच्या आत ती आली. जी उरली होती ती. फाटक्या कानाची होती. डोण कोरडी होती, तर ती डोणीपाशी उभी राहिली. उघड्यावर, कुणीही यावं आणि टिपावं अशी. वाट बघत उभी राहिली. सासरे त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडाला फेस आल्यासारखं झालं होतं.

"येडी," ते पुटपुटत होते. "येडी जनावरं. अजून येत्यात."

मला राहवेना. मी दोर हातात घेतला. दोन पोहरे ओढते, पिऊन जातील, असं म्हणाले. तसे ते उठले आणि माझ्या हातातून दोर काढून घेतला.

"पानी पाजलंस तर उद्या येत्याल. परवा येत्याल. त्यो सायेब फुडच्या साली येनार हाय, त्यो बी पोहराच वाजिवनार. त्येला आता ठावं हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, तुला गोफन येती न्हवं?"

मला कळलं. मी नाही म्हटलं. मला येत नाही, विसरले, असं काहीबाही बोलले.

"माजा हात वर जात न्हाई," ते म्हणाले. "गेला असता तर तुला सांगितलं नसतं."

नवऱ्याला सांगा, असं मी म्हणणार होते. पण तो आत अंथरुणावर पडला होता, मांडी पुरून आल्यापासून तो उठलाच नव्हता. सासऱ्यांनी घोंगडीची दोरी काढून गोफण करून दिली. आपल्या हातानं गुळगुळीत, बेताचे दगड वेचून माझ्या ओच्यात टाकले. मी दारात उभी राहिले. पहिला दगड मुद्दाम लांब टाकला. कळप दचकला, चार पावलं मागे गेला आणि पुन्हा डोणीकडे आला.

"नीट मार," सासरे म्हणाले. "लागू दे."

मी मारला. एका नराच्या कुशीत बसला, तो उडाला. दुसरा मारला. तिसरा. पाडसं सैरावैरा धावली, माद्या त्यांच्यामागं. माझे डोळे भरून आले होते, पण हात चुकत नव्हता. सगळी गेली. फाटक्या कानाची राहिली. ती थोडी लांब जाऊन उभी राहिली, तोंड माझ्याकडे. ती मला ओळखत होती, ह्याची मला शंका नाही.

"तिला बी," सासरे म्हणाले.

"मामंजी, ती जाईल आपली आपन."

"न्हाई जायाची. तुज्यामुळं न्हाई जायाची."

मी मारला. दगड तिच्या पुढच्या पायावर बसला. ती लंगडत गेली, पुन्हा वळली. सासऱ्यांनी माझ्या हातात आणखी एक दगड दिला. तो बसला तेव्हा ती वळली नाही.

असं आम्ही रोज केलं. ती यायची, मी हाकायचे. रोज कमी यायची. जवळ येणं बंद झालं, मग दिसणंही. पाणी कुठं मिळालं त्यांना, मला माहीत नाही. पूर्वेला लांब एक तळं आहे म्हणतात, तिथवर गेली असतील. सगळी पोचली नसतील. पाऊस त्या वर्षी उशिरा आला.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब सांगितल्याप्रमाणे आला, जास्त गाड्या घेऊन आला. सासऱ्यांनी गूळ-पाणी दिलं. साहेबानं पोहऱ्याकडे बोट दाखवलं. सासरे पुढे झाले आणि वाजवू लागले. इतक्या जोरानं मी त्यांना कधी वाजवताना पाहिलं नव्हतं. पोहरा चेपला, डोणीच्या काठाची कपची उडाली, तरी ते वाजवत होते आणि माळाकडे बघत होते. मी दारात पदर तोंडाशी धरून उभी होते. एकही कान दिसला नाही. पाहुणे कंटाळले, गाड्या माळावर फिरवून आले, हात हलवत परत आले. इथं आता काही राहिलं नाही, साहेब शिपायाला म्हणाला. त्यानंतर कुरण नांगराला मोकळं झालं. आज तिथं बांध आहेत, कुठं कुठं बाजरी येते.

त्या दिवशी गाड्यांचा धुरळा बसल्यावर नवरा शेताकडे गेला. मी पीठ मळायला घेतलं. बाहेर पुन्हा आवाज आला, टण, टण, हळू, एकेकच. मी हात न धुताच बाहेर गेले. सासऱ्यांनी डोण भरली होती. एका हातानं, किती वेळ ओढत होते कुणास ठाऊक. आणि ते पोहरा वाजवत होते.

"आता कशापायी वाजवताय, मामंजी?"

"आता पावनं गेल्यात गं," ते म्हणाले.

मी त्यांच्याजवळ उभी राहिले. दिवस मावळला तरी ते वाजवत राहिले. कुणी आलं नाही. सकाळी ते पाणी मी बैलांना पाजलं.